बूथचा बारा दिवसांचा पाठलाग हॉलमधी कसा खेळायचा

अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन, ह्याला गोळी कुणी घातली हे कुठल्याबी पोराला विचारा, मोबाईल काढून सांगतंय, जॉन विल्क्स बूथ. पण गोळी घातल्यावर हा गडी बारा दिवस सापडतच नव्हता, हजारो सैनिक मागं असताना, असं म्हटलं की मान वर करून बघतात. तर ते बारा दिवस पोरांकडनं खेळून कसे घ्यायचे ते लिहितोय, कारण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमधी मी हे चारदा केलंय, त्यातलं पहिल्यांदा पार फसलं आणि चौथ्यांदा वॉचमननं येऊन लाईट बंद करेपर्यंत कुणी उठलं नाही.

पहिल्यांदा कसं फसलं ते आधी सांगतो म्हणजे तुम्ही तीच माती खाणार नाही. मी आपली सरळ गोष्ट सांगितली. १४ एप्रिल १८६५ ला गोळी, मग बूथ इथं गेला, मग तिथं लपला, मग नदी ओलांडली, मग २६ तारखेला एका शेतावर मेला. मध्येच एक आठवीतलं पोरगं म्हणालं, "सर पोलीस येडेच होते की, तो तिथंच तर होता." सगळी हसली आणि मीपण हसलो. घरी जाताना रंकाळ्यावर गाडी लावून बसलो तेव्हा डोक्यात आलं की पोलीस येडे नव्हते, आपण चीटिंग करत होतो. बूथ कुठं होता हे आपल्याला माहीत असतंय, त्यांना नव्हतं. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा तर जगाला एकोणीस वर्षांनी कळली.

म्हणून ह्या खेळाचा एकच कायदा, प्रत्येक कार्डावर दोन तारखा लिहायच्या. घडलं कधी आणि कळलं कधी. बाकी सगळं तुमच्या मनानं बदला, हे बदलू नका.

सामान फार लागत नाही. कार्डशीट, दोन मोठे ड्रॉइंग पेपर, लाल आणि निळा लोकरीचा दोरा, टाचण्या, थर्माकोलचे दोन तुकडे आणि पाकिटं. पाकिटं विकत आणू नका, घरात लग्नपत्रिकांची उरलेली असतातच, आमच्या काकूंनी पिशवीभर दिली, फक्त वरचं गणपतीचं चित्र बघून पोरं आत पेढे आहेत का विचारतात. शोधणाऱ्यांच्या तुकड्या म्हणून शर्टाची बटणं घ्या, पाच पुरतात. माणसं बारा ते पंचवीस. त्यातली दोनच पळणारी, बाकी सगळी शोधणारी. सगळ्यांना पळणाराच व्हायचं असतंय, ते चिठ्ठ्या टाकून मिटवा.

नकाशे दोन आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी, ह्यात आळस नको. पळणाऱ्यांचा नकाशा आतल्या खोलीत, त्यावर लाल दोरा. शोधणाऱ्यांचा बाहेर भिंतीवर, त्यावर निळा दोरा. पळणाऱ्यांना कार्डं घडलेल्या तारखेनं द्यायची, शोधणाऱ्यांना कळलेल्या तारखेनं. तुम्ही मधे उभं राहायचं आणि मोठ्यानं तारीख ओरडायची, पंधरा एप्रिल! की दोन्हीकडं त्या त्या तारखेचं पाकीट उघडतंय. शोधणाऱ्यांनी तुम्हाला काहीच विचारायचं नाही, पाकिटात असेल तेवढ्यावर बटणं हलवायची. शेवटी लाल नकाशा बाहेर आणून निळ्याशेजारी लावायचा.

नकाशा प्रिंट मारून आणू नका, हातानं काढा आणि पोरांसमोर काढा. वरती वॉशिंग्टन, तिथनं पोटोमॅक नदी खाली दक्षिणेला जाते आणि मग वळून पूर्वेला समुद्राकडं. नकाशावर नदीच्या उजव्या हाताला मेरीलँड, डाव्या हाताला व्हर्जिनिया. मेरीलँड लिंकनच्या बाजूचं राज्य पण त्याच्या दक्षिण भागातल्या लोकांचं मन बंडखोरांकडं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतनं फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांकडं, आणि व्हर्जिनिया तर सरळसरळ बंडखोर. हे एकदा डोक्यात बसलं की बूथ दक्षिणेलाच का पळाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

अंतरं मैलात सांगितली तर पोरं जांभया देतात, आपल्याकडची मापं द्या. लिंकनला गोळी घातली ते थिएटर म्हणजे बिंदू चौक धरा. पहिल्या रात्री बूथ सरॅट्सव्हिलच्या खानावळीपर्यंत गेला ते वीसेक किलोमीटर, म्हणजे इथनं पन्हाळा. पहाटे चारला डॉक्टर मडच्या दारात पोचला तोपर्यंत मिरजेएवढं झालं होतं, पाय मोडलेला असताना घोड्यावर. आणि शेवटी मेला ती जागा सरळ रेषेत धरली तर आपल्या बेळगावपेक्षा जवळच. म्हणजे पहिल्या एका रात्रीत निम्मं अंतर आणि उरलेल्या निम्म्याला अकरा दिवस. हे नकाशावर दिसलं की पोरं स्वतःच विचारतात, मग अकरा दिवस करत काय होता? तुम्ही गप्प बसा, उत्तर देऊ नका.

कोल्हापुरात रात्रीचा पाठलाग म्हटलं की कुणीतरी पन्हाळा-विशाळगड काढणारच, १६६० चा, आमच्यातली निम्मी पोरं पावसात पावनखिंडीचा ट्रेक करून आलेली. काढू दे, रात्र, चिखल आणि ओळखीचा वाटाड्या म्हणजे काय हे त्यांच्या पायाला माहीत असतंय, त्याचा फायदा घ्या. पण तिथंच थांबवा. वाटेची तुलना चालेल, माणसांची अजिबात नाही. बूथ हा गुलामगिरीच्या बाजूचा माणूस होता, ११ एप्रिलला व्हाइट हाऊससमोर लिंकननं काही काळ्या लोकांना मताचा हक्क देण्याबद्दल बोलल्यावर गर्दीत उभा असलेला हा चिडला आणि हे ह्याचं शेवटचं भाषण म्हणाला. हे सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर पळणाऱ्याच्या बाजूनं टाळ्या पडायला लागतात, सिनेमाची सवय दुसरं काय.

आधीची पार्श्वभूमी पाच मिनिटात उरकायची. १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, मुळाशी गुलामगिरी, जुन्या हिशेबानं सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मेले आणि अलीकडचे अभ्यासक त्याहून जास्त धरतात. ९ एप्रिलला बंडखोरांचा मोठा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. बूथ २६ वर्षांचा, नाटकातला नावाजलेला नट, आधी त्याचा डाव लिंकनला पळवून न्यायचा होता, मग तो मारण्यावर गेला. युद्ध संपलं म्हणतो आपण, पण बंडखोरांचा दुसरा सेनापती जॉन्स्टन, ह्याचं मोठं सैन्य अजून शरण यायचं होतं, ते शरण आलं २६ एप्रिलला, बूथ मेला त्याच दिवशी. म्हणजे शोधणाऱ्यांना हा एकटा माथेफिरू आहे की बंडखोर सरकारचा हुकूम आहे हेच कळत नव्हतं. हे एक वाक्य शोधणाऱ्यांच्या पहिल्या पाकिटात जरूर टाका, त्यांची निम्मी बटणं मग राजधानी राखायलाच बसतात, खऱ्यातही तसंच झालं.

आता पहिली रात्र. इथं वेळ घाला. १४ एप्रिल, गुड फ्रायडे, फोर्ड्स थिएटर, रात्री सव्वादहाच्या सुमाराला. बूथ त्याच थिएटरात काम केलेला, नाटक विनोदी, कुठल्या वाक्याला हशा पिकतो हे पाठ, म्हणून नेमका त्या हशात एकनळी छोटं पिस्तूल चालवलं. केशवराव भोसले नाट्यगृहात ज्यानं एकदा तरी बॅकस्टेज केलंय त्याला हे लगेच कळतंय, विंगेतनं मागच्या दाराला किती पावलं हे नटाला अंधारात माहीत असतंय. शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोनला सुऱ्यानं भोसकलं, लिंकन बसला होता त्या वरच्या बॉक्समधनं खाली स्टेजवर उडी मारली, बारा फुटाच्या आसपास, आणि डावा पाय मोडला (त्यानं स्वतः असं लिहिलंय, काही अभ्यासक पाय नंतर घोडं पडून मोडला म्हणतात). मागच्या दाराला घोडं धरून उभं होतं एक कामाचं पोरगं, सगळे त्याला पीनट्स म्हणायचे. त्याच वेळेला लुईस पॉवेल नावाच्या साथीदारानं परराष्ट्रमंत्री सीवर्डवर घरात घुसून वार केले, सीवर्ड वाचला. तिसरा अ‍ॅट्झेरॉट, ह्याला उपाध्यक्ष जॉन्सनला मारायचं काम होतं, तो जॉन्सनच्याच हॉटेलात खोली घेऊन राहिला आणि ऐनवेळी दारू पिऊन निघून गेला. लिंकन सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी गेला.

शोधणाऱ्यांचं पहिलं चांगलं कार्ड म्हणजे नेव्ही यार्ड पूल, आणि हे मी जरा सावकाश वाचायला लावतो. रात्री नऊनंतर पूल बंद. पहाऱ्यावर सार्जंट सायलस कॉब. एक घोडेस्वार येतोय, नाव विचारलं तर सांगतोय बूथ. खरं नाव! एवढ्या उशिरा का विचारलं तर म्हणतोय रस्ता अंधारा आहे, चंद्र वर यायची वाट बघत थांबलो होतो. कॉबनं सोडलं. थोड्या वेळानं दुसरा, हा स्मिथ नाव सांगतोय, हा बूथचा साथीदार डेव्हिड हेरॉल्ड, ह्यालाही सोडलं. आणि मग तिसरा येतोय, तो म्हणजे घोडी भाड्यानं देणाऱ्या तबेल्याचा माणूस, जॉन फ्लेचर. हेरॉल्डनं ह्याचं घोडं नेलेलं आणि वेळेत परत केलेलं नाही. आपला फ्लेचर लिंकनसाठी आलेला नाही, लिंकनचं त्याला काही माहीतच नाही, तो भाड्याच्या घोड्यामागं आलाय. कॉब म्हणाला जा पण परत येता येणार नाही, सकाळपर्यंत तिकडंच. फ्लेचर घरी परत फिरला आणि मग पोलिसात गेला. म्हणजे ह्या सगळ्या पाठलागात बूथच्या सगळ्यात जवळ पोचलेला पहिला माणूस हा भाडं बुडालेला तबेलेवाला. घडलं १४ रात्री, कळलं त्याच रात्री. शोधणाऱ्यांना दिशा पहिल्याच रात्री मिळाली होती, हे लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्याच रात्री लिंकनला नेलेल्या समोरच्या पीटरसनच्या घरातच युद्धमंत्री स्टँटन मागच्या खोलीत बसून साक्षी घेत होता, लिहून घ्यायला जेम्स टॅनर नावाचा दोन्ही पाय गमावलेला सैनिक, त्याला शॉर्टहँड येत होतं म्हणून शेजारच्या घरातनं बोलावला. पंधरा मिनिटात बूथला फाशी होईल एवढा पुरावा कागदावर आला असं टॅनर पुढं म्हणाला. कोणी मारलं हा प्रश्न मध्यरात्रीच सुटला. कुठं आहे हा राहिला.

पुढची शहरातली कार्डं झटपट वाटा, ती सोपी आहेत आणि पोरांना मजा येते. अ‍ॅट्झेरॉटच्या खोलीत रिव्हॉल्व्हर, सुरा आणि बूथचं बँकेचं पासबुक. बूथच्या ट्रंकेत सॅम सहीचं पत्र, त्यावरनं सॅम्युअल अर्नॉल्ड १७ तारखेला उचलला. १७ लाच रात्री पोलीस, कटातली माणसं जिथं जमायची त्या मेरी सरॅटच्या बोर्डिंग हाउसवर गेलेले असताना दारात एक धिप्पाड गडी हजर, हातात कुदळ, डोक्यावर टोपी म्हणून बनियनची बाही, म्हणतोय गटार खणायला आलोय. रात्री अकराच्या सुमाराला! तो पॉवेल. इथं हॉल पडतोय हसून, पडू दे. अ‍ॅट्झेरॉट २० ला नात्यातल्या घरी झोपलेला सापडला.

आता डॉक्टर मडचं पाकीट, ह्याच्यात दोन तारखांचा खेळ पोरांना पहिल्यांदा टोचतोय. घडलं १५ ला पहाटे, डॉक्टर सॅम्युअल मडनं बूट कापून काढला, पायाला फळ्या बांधल्या, बूथनं तिथं मिशी काढली, दुपारनंतर दोघं निघून गेले. मडनं दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, चुलतभावाकरवी निरोप द्यायचं ठरवलं, चुलतभावानं सोमवारी सैनिकांना सांगितलं, मंगळवारी १८ ला तपासनीस घरी आले, आणि बूट हातात पडला शुक्रवारी २१ ला. आत नाव लिहिलेलं, जे. विल्क्स. तर शोधणाऱ्यांना बुटाचं कार्ड २१ लाच द्यायचं, आधी नाही. आम्ही खरा एक जुना चामडी बूट आणला होता, आत चिकटपट्टीवर नाव लिहून, तो २१ ला टेबलावर आपटला. बाहेरच्या टीमनं जल्लोष केला. आतल्या खोलीत लाल दोरा सहा दिवस पुढं गेला होता.

मड दोषी होता का, ह्यावर वाद घालायला परवानगी देऊ नका. तो आधी बूथला भेटला होता हे नक्की, फाशी एका मतानं चुकली हे नक्की, पण एकदा हा विषय निघाला की अर्धा तास जातोय आणि बूथ तिथंच राहतोय.

२० तारखेचं कार्ड म्हणजे बक्षिसाचं पोस्टर. ते पोरांकडनंच काढून घ्या. एकूण १ लाख डॉलर, बूथवर ५० हजार, हेरॉल्ड आणि मेरीचा पोरगा जॉन सरॅट ह्यांच्यावर २५-२५ हजार, वर तिघांचे फोटो चिकटवलेले. त्यात हेरॉल्डचं स्पेलिंगच चुकलेलं, हॅरॉल्ड छापलंय. आमच्या एका मेंबरचं म्हणणं पडलं की वाढदिवसाच्या फ्लेक्सवरबी नावं अशीच चुकतात, तो काय मोठा विषय नाही, तर असू दे. पण त्याच पोस्टरवर लपवणाऱ्याला मरणाची शिक्षा असंही छापलेलं होतं, हे मोठ्या अक्षरात घ्या. आता बटणं कुठं जातात बघा, पोरं सगळ्या गावागावात पसरवतात कारण खोट्या बातम्यांची कार्डंही मी मधे घुसडतो. बूथसारखा दिसतोय म्हणून खरोखरच जागोजागी भलतीच माणसं धरली होती, त्यामुळं ह्यात खोटं काही नाही, फक्त गावांची नावं न घालता "उत्तरेकडच्या एका गावात दिसला" एवढंच लिहा.

इकडं आतल्या खोलीत १६ ते २० एप्रिलला काही होतच नसतंय, आणि पळणारी दोन पोरं कंटाळतात. हे मुद्दाम होऊ द्यायचं. बूथ आणि हेरॉल्ड पाच दिवस पाईनच्या दाट झाडीत पडून होते, थंडीत, चूल पेटवायची सोय नाही, पाय सुजलेला. घोडी खिंकाळतील आणि जवळनं जाणारं घोडदळ ऐकेल म्हणून ती मारून टाकली. एक माणूस रोज खायला आणि पेपर आणून द्यायचा. बूथला वाटत होतं लोक आपल्याला डोक्यावर घेतील, पेपरात सगळे शिव्या घालतायत, ते वाचून त्यानं खिशातल्या डायरीत रडगाणं लिहिलं, कुत्र्यासारखा माझा पाठलाग चाललाय म्हणून. पळणाऱ्या टीमच्या पोराला डायरीचं पान लिहायला लावा, दहा ओळी. आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं, "आज पण तोच डबा, आज पण तोच पेपर, पायाकडं बघवत नाही." बूथपेक्षा बरं लिहिलं त्यानं.

त्या माणसाचं नाव कार्डावर घालू नका. शोधणाऱ्यांना तर ते कार्ड द्यायचंच नाही. त्याचं पाकीट वेगळं करून खिशात ठेवा.

नदीचा भाग. २० च्या रात्री त्या माणसानं होडी दिली आणि मेणबत्तीच्या उजेडात होकायंत्रावर दिशा दाखवली. पोटोमॅक तिथं तीनेक किलोमीटर रुंद, भरती-ओहोटीची, वर सरकारच्या गनबोटी. पंचगंगा उन्हाळ्यात बघून हे कळणार नाही, २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बुडालेला आणि ह्या टोकाचं त्या टोकाला काही दिसत नव्हतं ते आठवा, आणि तिथं रात्री वल्हं मारायचंय असं समजा. दोघं चुकले आणि सकाळी परत मेरीलँडच्याच काठाला लागले, नांजेमॉय खाडीत. पुढं व्हर्जिनियाला पोचायला रविवार २३ उजाडला. लाल दोरा इथं मागं येतोय, पोरांना वाटतंय आपली टाचणी चुकली, नाही, तसंच आहे.

व्हर्जिनियात गेल्यावर बूथला वाटलं आपल्या माणसांत आलो. डॉक्टर स्टुअर्ट नावाच्या श्रीमंतानं जेवायला दिलं आणि घरात घेतलं नाही. मग ह्यांनी रात्री विल्यम लुकास नावाच्या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याच्या झोपडीत घुसून सुऱ्याचा धाक दाखवून त्याच्या घरच्यांना बाहेर काढलं आणि आत झोपले. हे कार्ड मी स्वतः वाचतो, कारण टाळ्या वाजवणारी राहिलेली असतील तर इथं गप्प होतात.

२४ तारखेचं तारेचं कार्ड, माझं आवडतं. वॉशिंग्टनला तार येते की १६ तारखेला दोन माणसं पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियात गेली. शोधणारे उड्या मारतात, सगळी बटणं दक्षिणेला. खऱ्यातही तेच झालं, १६ व्या न्यूयॉर्क घोडदळाचे २६ स्वार, लेफ्टनंट एडवर्ड डोहर्टी आणि बरोबर दोन तपासनीस, एव्हर्टन कॉन्गर आणि लूथर बेकर, बोटीनं लगेच रवाना. आता आतल्या टीमला हळूच विचारा, १६ ला तुम्ही कुठं होता? झाडीत. नदी ओलांडलीच नव्हती. ती दोन माणसं दुसरीच होती, बंडखोरांचे हेर, हार्बिन आणि बेडन. म्हणजे बातमी चुकीची, माणसं चुकीची, तारीख चुकीची आणि दिशा एकदम बरोबर. पहिल्या रात्री मिळालेली बरोबर माहिती दहा दिवस ज्या कामी आली नाही, त्या कामी ही चुकीची आली. मी हे फोडून सांगत नाही, शेवटी दोन्ही नकाशे शेजारी लागले की कुणीतरी बोट ठेवतंय. न ठेवलं तर नाही ठेवलं.

पुढचं पळतं घ्या. २४ ला बूथ रॅपहॅनॉक नदीच्या तरीवर, तिथं तीन बंडखोर सैनिक भेटले, त्यातला विली जेट त्याला गॅरेटच्या शेतावर सोडून आला, जखमी सैनिक बॉईड म्हणून. २५ ला घोडदळ त्याच तरीवर आलं, तिथल्या कोळ्यानं आणि त्याच्या बायकोनं सांगितलं की जेट होता, आणि जेटची आवडती पोरगी बोलिंग ग्रीनच्या हॉटेलवाल्याची आहे, तो तिकडंच असणार. गावात कोण कुणाच्या मागं आहे हे बायकांना माहीत असतंय, डिटेक्टिव्हला नसतंय. घोडदळ सुटलं बोलिंग ग्रीनला, आणि जाताना गॅरेटच्या शेताच्या समोरनं गेलं! बूथ झाडीत पळाला, हे धूळ उडवत पुढं. इथं दोन्ही टीमना एकाच क्षणी कार्ड द्या, निळा दोरा लाल टाचणीवरनं जातोय. आतलं पोरगं किंचाळतं, बाहेरच्यांना का ते कळत नाही.

मध्यरात्री जेटला झोपेतनं उठवला, डोक्याला पिस्तूल, त्यानं वाट दाखवली. २६ ला पहाटे दोनच्या सुमाराला शेताला वेढा. गॅरेटच्या पोरांना हे पाव्हणे घोडी चोरतील अशी शंका आलेली म्हणून त्यांनी तंबाखूच्या कोठारात झोपवून बाहेरनं कुलूप घातलेलं. हेरॉल्ड शरण आला, बूथ नाही. कोठार पेटवलं. जिवंत धरायचा असताना बॉस्टन कॉर्बेट नावाच्या सार्जंटनं फटीतनं गोळी घातली, मानेत. ओसरीवर आणून ठेवला, उजाडल्यावर मेला, शेवटी स्वतःच्या हातांकडं बघून निरुपयोगी, निरुपयोगी म्हणाला असं सांगतात. हे नाट्य करून दाखवायचा मोह होतो, पेटवापेटवीचा आवाज वगैरे, मी एकदा केला, एका छोट्या पोरीला रडू आलं, आता करत नाही. वाचून दाखवतो.

शिक्षांचं एका दमात सांगा. लष्करी आयोगापुढं खटला, ७ जुलैला चौघांना फाशी, पॉवेल, हेरॉल्ड, अ‍ॅट्झेरॉट आणि मेरी सरॅट. मडला जन्मठेप आणि १८६९ ला माफी. मेरी सरॅटचा पोरगा जॉन कॅनडातनं पार रोमला जाऊन पोपच्या सैन्यात भरती झाला, १८६६ ला इजिप्तमधी सापडला, १८६७ च्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही, सुटला. बक्षिसाची वाटणी पोरांना करायला लावा, भांडणं बघा, मग खरा आकडा सांगा, कॉन्गरला १५ हजार, डोहर्टीला ५ हजार २५०, आणि साध्या स्वाराला १ हजार ६५३ डॉलर ८५ सेंट. गोळी घालणाऱ्या कॉर्बेटला पण तेवढेच, ८५ सेंटसकट.

आता चहा आणि भडंग. आणि भडंग खाताखाता खिशातलं पाकीट काढा. त्यावर लिहिलेलं असतंय, घडलं १६ ते २० एप्रिल १८६५, कळलं १८८४. आत एक नाव, थॉमस जोन्स. बंडखोरांचा जुना गुप्त टपालवाला, युद्धात पार धुतला गेलेला, हातात पैसा नाही. डबा आणि पेपर हाच न्यायचा. पोर्ट टोबॅको गावात एक तपासनीस त्याच्यासमोरच म्हणाला, बूथ कुठं आहे सांगणाऱ्याला १ लाख डॉलर देईन. जोन्स म्हणाला रक्कम मोठी आहे, आणि गप्प बसला, एकोणीस वर्षं. १८८४ ला एका पत्रकारानं छापलं तेव्हा जगाला ती पाईनची झाडी कळली.

हे पाकीट बाहेरच्या टीमच्या सगळ्यात लहान पोराला उघडायला द्या आणि त्याच वेळी लाल नकाशा आणून निळ्याला चिकटवा. मग तुम्ही बोलू नका, कुणी बरोबर वागलं का चूक हे त्यांचं त्यांना भांडू दे, एकजण जोन्सला मानतोय, दुसरा म्हणतोय ह्यालाच आधी फाशी द्यायला पाहिजे होती, आमच्याकडं दोन सख्खे भाऊ ह्यावरनं आठवडाभर बोलत नव्हते. त्यामुळं हॉल बुक करताना दीड तासाचा करू नका, दोन तासाचा करा, आणि वॉचमनला आधीच चहा पाजून ठेवा.